छप्पन्न ग्रेनची वीस काडतुसं

१

अर्लन स्टेनरूडच्या काडतुसांनी त्याच्याच रायफलीत शिरायला नकार दिला तो ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता, आणि ते बघायला अर्धं गाव हजर होतं.

शिकारीचा मोसम उघडण्याआधी आमच्या क्लबाच्या मैदानावर सगळे आपापल्या रायफलींचा नेम जुळवून घ्यायला येतात. बायका फळांचे गोड 'पाय' भाजून आणतात. पुरुष एकमेकांच्या काडतुसांना नावं ठेवतात. कुणाचं काडतूस घोड्याएवढ्या एल्क-सांबराला फार हलकं, कुणाचं हरणाला फार जड, तर कुणाचं नुसत्या कागदाच्या निशाणावर चालणारं. मॉन्टॅनाच्या या कोपऱ्यात माणूस एक वेळ बायको बदलेल, पण काडतुसाबद्दलचं मत बदलणार नाही. मी क्लबाची चिटणीस. त्याआधी एकतीस वर्षं जिल्ह्याची वजनमापं निरीक्षक होते. धान्याच्या कोठारांपासून खाटकापर्यंत सगळ्यांचे तराजू मीच तपासायचे. त्यामुळे अजूनही माझ्याशी बोलताना लोक आकडे जरा जपून सांगतात.

अर्लन तीन नंबरच्या टेबलावर बसला. वय सत्त्याहत्तर. हातात चाळीस वर्षांची टू-सेव्हंटी रायफल आणि समोर स्वतः भरलेल्या वीस काडतुसांचा डबा. पहिलं काडतूस घातलं, पण बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, अर्ध्यावरच अडला. दुसरं घातलं, तेही अडलं. चौदाव्यापर्यंत हाच प्रकार.

"बूट चढवायच्या पट्टीने घाल, अर्लन!" मागून लॉईड पासेक ओरडला, आणि सगळे हसले.

पंधराव्याला अर्लनने तळहाताने जोर लावला. ते निम्मं आत गेलं आणि रुतून बसलं. आता पुढेही जाईना, मागेही येईना. मैदानप्रमुखाने लाल झेंडा वर केला. जिवंत काडतूस अडकलेली रायफल टेबलावर एकटी ठेवून सगळे मागे सरले. गनस्मिथ ड्वेन किमेलने ते काडतूस काढेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोवर कुणालाही हसू आलं नाही.

गोड 'पाय' मांडलेल्या टेबलाकडून अर्लनची मुलगी ट्रूडी आली. हळू बोलायची तिची सवय, पण त्या दिवशी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"पुरे झालं, डॅड. तू काय भरतोयस हे तुलाच कळेनासं झालंय. आजपासून त्या भरायच्या टेबलाला कुलूप. आणि मेंढ्याचं विसर."

ते मेंढ्याचं काय, ते सांगते. डोंगरावरच्या बिगहॉर्न मेंढ्याचा परवाना सोडतीत निघतो. अर्लन सव्वीस वर्षं न चुकता अर्ज भरत होता, आणि या वर्षी त्याचं नाव निघालं होतं. असं नाव जन्मात एकदा निघतं. पंधरा सप्टेंबरला मोसम उघडणार होता, म्हणजे सतरा दिवस हातात.

"ही माझी काडतुसं नाहीत," अर्लन म्हणाला.

डब्याच्या झाकणावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: छप्पन्न ग्रेन, वीस, पाच ऑगस्ट. लोकांनी ते वाचलं आणि खाली बघितलं. म्हाताऱ्या माणसाची कीव करताना लोक बघतात तसं.

मी डबा उचलला.

"तुला कशाला?" ट्रूडीने विचारलं.

"वजन करते," मी म्हणाले.

२

अर्लनच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं टेबल आहे. माझ्या जुन्या कचेरीतही इतकी शिस्त नव्हती. एका वेळी एकाच बारुदाचा डबा बाहेर, बाकीचे कपाटात. प्रत्येक घाण्याची वहीत नोंद. कपाटाच्या कड्यांत ट्रूडीने घातलेलं नवंकोरं कुलूप लटकत होतं.

"तीही मला वेडा ठरवून मोकळी झाली," तो म्हणाला. "तू कशाला आलीस? साक्षीला?"

"तू म्हणालास ती काडतुसं तुझी नाहीत. हे कशावरून, ते सांग."

"कशावरून म्हणजे? माझी असती तर शिरली असती."

मग त्याने मला ते समजावून दिलं. गोळी उडाली की पितळी पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या कोठीचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, अगदी ठसा घेते. दोन रायफली एकाच कारखान्यातल्या असल्या तरी कोठ्या केसाएवढ्या निराळ्या असतातच. बरेच लोक पुन्हा भरताना पुंगळी साच्यात घालून सगळीच दाबतात, म्हणजे ती कुठल्याही रायफलीत जाते. अर्लन फक्त मान दाबतो, गोळी धरण्यापुरती. बाकीचं अंग तसंच ठेवतो. पायाला बसलेल्या जुन्या बुटासारखी ती पुंगळी त्याच रायफलीला बसते आणि निशाण सुईसारखं लागतं.

"म्हणजे दुसऱ्याच्या रायफलीत ही अडणार?"

"दुसऱ्याची कोठी लहान असेल तर अडणारच."

मी काटा काढला. त्याच्यासमोर तीन काडतुसं उघडली आणि आतलं बारूद तोललं. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, तेव्हा ग्रेन म्हणजे काय ते समजून घ्या. पहिल्यात चोपन्न ग्रेन निघाले. दुसऱ्यातही चोपन्न. तिसऱ्यातही चोपन्नच, दशांशाचाही फरक नाही.

अर्लन काट्याकडे बघत राहिला. "मी छप्पन्न भरतो. एकोणीसशे एकोणऐंशीपासून छप्पन्नच."

"आणि तुझ्या वहीत एकेका घाण्यात दोन-दोन दशांशांचा फरक दिसतो," मी वही मिटत म्हणाले. "ज्याने ही भरली त्याचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे."

काडतुसं बदलली गेली यापेक्षा त्याला हे वाक्य जास्त लागलं.

"ड्वेनला विचार," तो फटकन म्हणाला. "जुलैत रायफल आठवडाभर त्याच्याकडे होती. कोठीच बिघडवली असेल त्याने."

३

ड्वेन किमेल दुकानात एकटा जेवत होता. कागदावर हरणाच्या मांसाचा सॉसेज, शेजारी लोणच्याची काकडी. गावात तो रायफली दुरुस्त करतो. मी कशाला आलेय ते त्याने तोंड बघूनच ओळखलं.

"मी चाप हलका केला. बस्स. नळीला हात लावला नाही."

"हे मी कसं मानायचं?"

"मानू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या दुकानातला काटा तू दोनदा नापास केला होतास."

"तो खोटाच होता."

"होता. म्हणून सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. अर्लनने जूनमध्ये उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या असतील ना टेबलावर? त्यातली एक आताच्या कोठीत घालून बघ. मी कोठी बिघडवली असेल तर तीही अडेल."

मला हे आवडलं. उलट्या बाजूने मोजायला सांगणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही बघितलं. जूनची पुंगळी आत गेली आणि बोल्ट लोण्यासारखा मिटला. एकामागून एक सहा घातल्या, सहाही गेल्या. म्हणजे रायफल जूनमध्ये होती तशीच होती. बदलली होती ती काडतुसं.

मग मी डब्यातल्या पुंगळ्या रिकाम्या करून तोलल्या. नुसतं पितळ. सगळ्या एकशे त्र्याण्णव ग्रेनच्या आसपास.

"जड आहेत," अर्लन म्हणाला. "माझ्या एकशे नव्वदच्या आत असतात. पाचशे पुंगळ्यांचा एक घाणा घेतला होता आम्ही. तोलून दोन ढीग केले. हलक्या माझ्या, जड आर्डिसच्या."

आर्डिस त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली.

माझी पेन्सिल थांबली. "मग या आर्डिसच्या असतील?"

"छे. तिची काडतुसं मीच भरायचो, माझ्यासारखीच. छप्पन्न. तीस वर्षं तिने दुसरं काही उडवलं नाही. ही चोपन्न आहेत, मर्ना. जड पुंगळ्या कुणाकडेही असतात. लॉईडकडे जा. पाच तारखेनंतर तो इथे येऊन बसला होता, आणि मेंढ्याच्या परवान्यासाठी एकोणतीस वर्षं अर्ज भरतोय. त्याचं नाव कधी निघालं नाही."

४

लॉईड पासेक कुंपणाच्या तारा ताणत होता. मला बघताच त्याने हात वर केले. "आलीस? मला वाटलंच. माझं वजन करणार की माझ्या तोंडाचं?"

"तुझ्या तोंडाला काटा पुरणार नाही. अर्लनकडे काय करायला गेला होतास?"

"ड्रिल परत द्यायला. आणि त्याचा परवाना बघायला. हातात घेऊन बघितला, खोटं कशाला बोलू? घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तुझं नाव निघालं असतं तरी तू वर चढला नसतास, लठ्ठोबा." तो स्वतःच हसला. मग हसणं थांबलं. "त्याचं वाईट व्हावं असं मला वाटलं का विचारतेस? वाटलं. एक दिवस. पण मी चोरीच केली असती तर परवाना चोरला असता. काडतुसं कशाला बदलेन?"

"तुझ्याकडेही टू-सेव्हंटी आहे. तुझी काडतुसं त्याच्या डब्यात ठेवणं अवघड नव्हतं."

"ठेवली असती तर शिरली असती! मी अख्खी पुंगळी दाबतो. माझी काडतुसं कुणाच्याही रायफलीत जातात. अर्लन मला यावरून वीस वर्षं हसतो. आळशी लोकांची पद्धत म्हणे."

मी त्याच्याकडून एक रिकामी, दाबलेली पुंगळी घेऊन अर्लनच्या रायफलीत घालून बघितली. सहज गेली. लॉईडचं नाव मी खोडलं.

पण कुंपणापाशी निघताना तो आणखी एक बोलला होता, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना.

"आत किती निघालं? चोपन्न? अर्लन भरतो छप्पन्न. म्हणजे दोन ग्रेन कमी. अगं, ज्याला त्याचं वाईट करायचंय तो चार ग्रेन जास्त घालेल आणि मैदानावर त्याच्या तोंडाशी स्फोट होईल. कमी कोण करतं?"

गाडी मी रस्त्याच्या कडेला थांबवली. आतापर्यंत मी विचारत होते की अर्लनचा शत्रू कोण. प्रश्नच चुकला होता. ज्याने हे केलं त्याला माहीत होतं की मान दाबलेली परकी पुंगळी नुसती अडते, कुणाला इजा करत नाही. त्याला हवं होतं एवढंच, की अर्लन लोकांसमोर अडावा, आणि सुखरूप अडावा.

जड पुंगळ्या आर्डिसच्या. आर्डिसची रायफल आता कुठे होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते दोन ग्रेन जुळत नव्हते.

५

मंगळवारी मी ट्रूडीकडे गेले. ती स्वयंपाकघरात लेफ्से लाटत होती, बटाट्याच्या पातळ पोळ्या. आर्डिसची टू-सेव्हंटी सामानाच्या खोलीच्या दारावर टांगलेली होती. अर्लनच्या रायफलीची जुळी बहीणच.

"कॉफी?" तिने विचारलं.

"नंतर. ती खाली काढू?"

ती लाटत राहिली. "काढ. रिकामी आहे."

बोल्ट उघडून मी खात्री केली. मग डब्यातल्या त्या वीसांपैकी एक पुंगळी पर्समधून काढली, रिकामी, बारूद नसलेली, आणि कोठीत घातली. बोल्ट आपल्या वजनानेच मिटल्यासारखा मिटला.

ट्रूडीचं लाटणं थांबलं.

"डॅडला सांगितलंस?"

"नाही. आधी मला दोन ग्रेनचा हिशेब हवाय. अर्लन म्हणतो आर्डिस छप्पन्न उडवायची."

ट्रूडी खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग उठून तिने शेल्फवरची पत्र्याची पेटी काढली. आर्डिसच्या पाककृतींची कार्डं. रुबार्बचा पाय, मग लोणची, आणि त्यांच्यामध्ये एक कार्ड: चोपन्न. खाली तारीख, निशाणावर पडलेली पाच भोकं आणि 'खांदा दुखला नाही' असा शेरा.

"छप्पन्नने ममचा खांदा काळानिळा व्हायचा. पण डॅडला सांगायचं कोण? तो इतक्या प्रेमाने भरायचा. मग दर हिवाळ्यात तो गाईंकडे गेला की आम्ही दोघी धुण्याच्या खोलीत बसायचो. त्याच्या काडतुसातली गोळी काढायची, दोन ग्रेन कमी करायचे, पुन्हा बसवायची. शाळेत असल्यापासून मी करतेय. ते दोन ग्रेन आम्ही गुलाबांना घालायचो."

"आणि अर्लन?"

"निशाण बघून म्हणायचा, बघ, माझी छप्पन्न किती छान लागतात तुला." तिने डोळे पुसले. "ममची शेवटची वीस उरली होती. डॅडच्या डब्यातली काढली आणि ही ठेवली. मला माहीत होतं, शिरणार नाहीत. कुणाला काही होणारही नाही."

"का केलंस?"

"जूनमध्ये तो मेंढे हेरायला एकटाच वर गेला होता. दगडांच्या उतारावर घसरला आणि चार तास पडून राहिला. मला सांगितलं, गाडी बंद पडली. मी त्याची पँट धुतली, मर्ना. रक्ताने माखलेली होती ती." ती लाटण्याचं टोक घट्ट धरून बसली होती. "विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. मग मला सप्टेंबरमध्ये वर जावं लागलं असतं, त्याला शोधायला."

"ते मला पटतं," मी म्हणाले. "पण तू त्याचे पाय अडवायला त्याची अक्कल काढलीस, तीही अख्ख्या गावासमोर. पाय थकलेत, हे तो उद्या स्वतःच म्हणेल. पण हात चुकायला लागले असं त्याला एकदा वाटलं ना, की तो त्या टेबलाला पुन्हा शिवणार नाही. घरातली भांडीसुद्धा भीत भीत उचलेल. माझ्या धंद्यात मी बघितलंय. खऱ्या तराजूला खोटा म्हटलं की दुकानदार स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतो."

तिने लाटणं बाजूला ठेवलं. तव्यावरची लेफ्से करपली.

"चल," ती म्हणाली. "मीच सांगते."

६

अर्लनने सगळं ऐकून घेतलं. कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. मुलीने केलेला प्रकार त्याने बाजूला ठेवला असावा, कारण पहिला प्रश्न निराळाच आला.

"तीस वर्षं?"

"एकतीस," ट्रूडी म्हणाली.

"तिने मारलेल्या सगळ्या एल्कांना चोपन्नच?"

"चारही."

"आणि गुलाब?"

"ते तुझ्या उरलेल्या दोन ग्रेनवर वाढले म्हण हवं तर."

तो हसला नाही. पण गालाचा एक स्नायू हलला. मग त्याने कुलपाची किल्ली मागितली आणि ट्रूडीने खिशातून काढून दिली. शनिवारी ती क्लबात सगळ्यांसमोर उभी राहील आणि काडतुसं आपणच बदलली असं सांगेल, हे त्याने तिला सांगायच्या आधीच ती म्हणाली.

"आणि मेंढा?" त्याने विचारलं.

"तू घसरलास."

"घसरलो. सत्त्याहत्तर वर्षांत एकदा."

"एकदा मला कळलं तेवढं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. स्टेनरूडांचं घराणं असं आहे की वाद एकदा सुरू झाला की कोण आधी पापणी हलवतं, एवढाच प्रश्न उरतो. मी मध्ये पडले. म्हटलं, मोजून घ्या. मेंढा पडला तर मांस खांद्यावर घेऊन उतरावं लागणार. चाळीस पौंडांचं ओझं पाठीला बांधून सॅडल रिजवरच्या वणवा टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत चढायचं. साडेतीन मैल. दोन तासांत पोचला तर परवाना त्याचा. नाही पोचला तर त्याने स्वतः तो परत पाठवायचा, ट्रूडीने नाही.

"मला चालेल," अर्लन म्हणाला.

"मलाही," ट्रूडी म्हणाली. तिचा आवाज मात्र तसं म्हणत नव्हता.

रविवारी सकाळी मी गुरांच्या मिठाची गोण काट्यावर ठेवली. साडेएकोणचाळीस भरली. अर्लनने खिशातून दगड काढून अर्धा पौंड भरून दिला. मी मागच्या रस्त्याने गाडी घेऊन मनोऱ्यावर गेले आणि घड्याळ हातात धरून बसले. ट्रूडी त्याच्या मागून चालत होती. मदत करायची नाही, असं ठरलं होतं.

दीड तासाने ती दोघं खालच्या वळणावर दिसली. तो दर वीस पावलांवर थांबत होता. थांबायचा, मागे न बघता पुढचं पाऊल जोखून घ्यायचा आणि टाकायचा. एकदा गुडघा टेकला. ट्रूडीचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. तो स्वतःच उठला. मैलभर अंतरावर मेंढ्यांचा कळप कड्यावर चरत होता. त्याच्याकडे त्याने मान वर करूनही बघितलं नाही. पायाखालची वाट सोडायला तो तयार नव्हता.

दोन तास झाले तेव्हा तो अजून शेवटच्या चढावर होता. 

तो मनोऱ्याच्या पायरीवर येऊन बसला. गोण अंगावरून सोडवायलाही त्याचे हात वर होईनात. ट्रूडी त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या तोंडावरचा घाम सुकला नव्हता. तिने मनगट वळवून घड्याळ बघितलं, बराच वेळ बघितलं.

"एक तास अठ्ठावन्न," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बरोबर ना, मर्ना?"

माझ्या घड्याळात दोन तास अकरा मिनिटं झाली होती.

"बरोबर," मी म्हणाले.

अर्लनने आपलं मनगट डोळ्यांजवळ नेलं. "माझ्यात दोन अकरा आहेत."

"तुझं जुनं झालंय, डॅड."

तो तिच्याकडे बघत राहिला. श्वास अजून जागेवर यायचा होता. "वर तू येणार?"

"तुझ्या पुढे. दगडांच्या उतारावर मी आधी पाय टाकणार, तू नंतर. आणि मी थांब म्हणाले की थांबायचं."

"थांबेन."

"शब्द?"

"शब्द." त्याने गोणीचा पट्टा खांद्यावरून सरकवला. "आता सांग, माझी छप्पन्न कुठे लपवलीस?"

"पिठाच्या डब्यात."

"पिठात! गोळ्यांना पीठ लागलं असेल, ट्रूडी."

"पुसून देते," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरची गोण दोन्ही हातांनी उचलून घेतली.